रजिस्ट्री साफ केल्याने कॉम्प्युटर पळत नाही

घरातला कॉम्प्युटर मंदावला की हमखास मिळणारा सल्ला म्हणजे "रजिस्ट्री साफ करून घ्या." सांगणारा कधी ओळखीचा दुरुस्तीवाला असतो, कधी स्क्रीनवर उगवलेली लाल चौकट. त्या चौकटीला तुमच्या मशीनमध्ये शेकडो 'एरर' सापडलेल्या असतात आणि त्या काढायला पैसे भरून लायसन्स घ्यावं लागतं. नव्याकोऱ्या कॉम्प्युटरमध्येही तेवढ्याच एरर कशा निघतात, हा प्रश्न मात्र कोणी विचारत नाही.

विंडोज आणि त्यावरचे प्रोग्रॅम आपापली सेटिंग्ज जिथे नोंदवतात, ती रजिस्ट्री. प्रोग्रॅम काढून टाकला तरी त्याच्या काही नोंदी मागे राहतात, इथपर्यंत खरं आहे. पण विंडोज ही रजिस्ट्री वरपासून खालपर्यंत वाचत बसत नाही. शाखा-उपशाखांमधून हव्या त्या नोंदीपर्यंत थेट पोहोचतं. जिच्याकडे कोणी फिरकतच नाही, ती नोंद असली काय नि नसली काय! एकूण नोंदी लाखांच्या घरात असतात. त्यातल्या हजारभर पुसल्या तरी मोबाइलवर काढलेल्या एका फोटोइतकीही जागा मोकळी होत नाही.

हा समज अगदीच हवेतून आलेला नाही. विंडोज २००० पर्यंत रजिस्ट्रीच्या आकाराला मर्यादा होती. २००१ च्या एक्सपीने ती काढून टाकली. 'रेगक्लीन' नावाचं सफाईचं साधन तर खुद्द मायक्रोसॉफ्टनेच काढलं होतं आणि मग मागेही घेतलं. आज त्याच कंपनीची अधिकृत भूमिका अशी, की अशा साधनांच्या वापराला आमचा पाठिंबा नाही आणि त्यांनी केलेली मोडतोड निस्तरायला विंडोज पुन्हा टाकावं लागू शकतं. धोका तेवढाच नाही. २०१७ मध्ये 'सीक्लीनर' या लोकप्रिय सफाई प्रोग्रॅमच्या अधिकृत आवृत्तीतच हॅकर्सनी घातक कोड घुसवला होता आणि कंपनीच्याच आकड्यानुसार ती सुमारे २२.७ लाख लोकांकडे पोहोचली होती.

"पण साफ केल्यावर खरंच फास्ट झाला," असं यावर ऐकवलं जातं. झालाही असेल. ही साधनं त्याच बैठकीत टेम्पररी फाइली उडवतात, आपोआप सुरू होणारे प्रोग्रॅम बंद करतात आणि शेवटी मशीन रीस्टार्ट करायला लावतात. गुण या तिघांचा, श्रेय रजिस्ट्रीला. हे सगळं फुकटात होतं. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा, टास्क मॅनेजरमधला 'स्टार्टअप' भाग उघडा आणि 'स्टार्टअप इम्पॅक्ट' या रकान्यात 'हाय' लिहिलेलं काय आहे ते बघा. रोज न लागणारं चॅटचं किंवा गाण्यांचं ॲप तिथे दिसलं, तर राइट क्लिक करून 'डिसेबल' करा. गंमत म्हणजे यातल्या बऱ्याचशा नोंदी रजिस्ट्रीतच असतात. पण त्या वैध असल्यामुळे 'कचरा' शोधणाऱ्या साधनाला त्या कचरा वाटत नाहीत. शिवाय 'डिसेबल' केलेलं पुन्हा चालू करता येतं.

बाकीचे समज थोडक्यात. डेस्कटॉपवर दहादा 'रिफ्रेश' मारल्याने चिन्हं पुन्हा रेखाटली जातात, मेमरी मोकळी होत नाही. एसएसडीला बाहेरच्या साधनाने डीफ्रॅग करू नका. ती ओळखून तिची योग्य देखभाल विंडोज स्वतःच करतं. 'रॅम भरलीय' म्हणून घाबरू नका, रिकामी रॅम काहीच काम करत नसते. आणि अपडेट बंद ठेवल्याने कॉम्प्युटर 'शांत' राहतो म्हणणाऱ्यांसाठी एवढंच: मे २०१७ मध्ये वॉनाक्राय या रॅन्समवेअरने जगभरातले कॉम्प्युटर ओलीस धरले, तेव्हा ते ज्या फटीतून शिरलं ती बुजवणारं अपडेट मार्चमध्येच आलेलं होतं.