अख्ख्या कोंबडीचा मान : चिनी नववर्षाच्या मेजवानीविषयी काही गैरसमज

चिनी नववर्ष चांद्र पंचांगानुसार 21 जानेवारी ते 20 फेब्रुवारी यांदरम्यान कधीतरी येतं. त्याच्या आदल्या रात्रीचं जेवण हे चिनी घरांतलं वर्षातलं सगळ्यांत मोठं जेवण. पोटापाण्यासाठी दूर गेलेली माणसं मिळेल ती गाडी पकडून या जेवणाला घर गाठतात. डिसेंबर 2024 मध्ये युनेस्कोनं या सणाला, म्हणजे वसंतोत्सवाला, अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत स्थान दिलं. दक्षिण चीनमधल्या ग्वांगडाँग प्रांतात, आणि तिथून हाँगकाँग, सिंगापूर, मलेशियात स्थिरावलेल्या कुटुंबांत, या मेजवानीला अख्खी कोंबडी लागतेच. मुंबईत माझगावला 1919 सालचं चिनी मंदिर आहे, तेही ग्वांगडाँगहून आलेल्या लोकांचंच. तरीही आपल्याकडे ‘चायनीज’ म्हणून जे मिळतं त्यात ही कोंबडी दिसत नाही, आणि तिच्याविषयी ऐकीव समजुती मात्र बऱ्याच आहेत. त्यांतल्या काहींनी पदार्थ बिघडतो, काहींनी त्यामागचा भाव हरवतो.

गैरसमज 1 : डोकं आणि पाय तसेच ठेवणं म्हणजे अर्धवट साफसफाई.

वस्तुस्थिती : ते जाणूनबुजून ठेवतात. डोक्यापासून पायांपर्यंत पूर्ण असलेली कोंबडी म्हणजे आरंभ आणि शेवट दोन्ही नीट पार पडलेलं वर्ष, आणि कुणीही न गळालेलं कुटुंब. शिवाय पुष्कळ घरांत ती माणसांच्या आधी देवांपुढे आणि पूर्वजांपुढे ठेवली जाते. कोंबडी, डुकराचं मांस आणि मासा हा तिथला परंपरागत नैवेद्य. आपल्या पूजेत अक्षतांना तुटका तांदूळ चालत नाही, त्यामागची भावनाही हीच. नैवेद्य दाखवून झाला की मगच कोंबडीवर सुरा चालतो.

डोक्याच्या दिशेलाही अर्थ असतो. तैवानमध्ये चांद्रवर्षाच्या बाराव्या महिन्यातल्या सोळाव्या दिवशी मालक आपल्या नोकरांना जेवण देतात. कोंबडीचं डोकं ज्याच्याकडे वळलेलं त्याची नोकरी गेली, असा तिथला जुना संकेत. म्हणून सगळ्यांना निर्धास्त जेवता यावं अशी इच्छा असलेला मालक ते डोकं स्वतःकडे वळवून ठेवतो.

गैरसमज 2 : सणाची कोंबडी भाजलेलीच असते.

वस्तुस्थिती : पारंपरिक चिनी स्वयंपाकघरात ओव्हन नव्हताच, चूल आणि खोल कढई एवढ्यावर सगळा संसार. भाजण्याचं काम दुकानांचं. हाँगकाँगच्या रस्त्यांवर काचेमागे आकड्यांना टांगलेले भाजलेले हंस, बदकं आणि कोंबड्या दिसतात त्या या दुकानांतल्या. घरची कोंबडी बहुतेक वेळा पाण्यात शिजवलेली. पाणी खळखळू न देता तिला हलक्या आचेवर शिजवतात, मग बर्फाच्या पाण्यात बुडवतात. त्यामुळे कातडी घट्ट आणि तुकतुकीत होते. सोबत आलं आणि कांद्याची पात कडकडीत तेलात परतून केलेली चटणी.

हक्का लोक कोंबडी कागदात गुंडाळून तापलेल्या जाड्या मिठात पुरतात. हांगचौच्या बाजूला कमळाच्या पानांत बांधून वरून मातीचा लेप देऊन भाजण्याची रीत प्रसिद्ध आहे. उत्तर चीनमध्ये तर त्या रात्रीचा मोठा मान सारण भरलेल्या ‘जियाओझं’ला असतो. घरच्या ओव्हनमध्ये कोंबडी भाजणं सोपं झालं ते मुख्यतः अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलियात गेलेल्या कुटुंबांना, कारण तिथल्या स्वयंपाकघरात ओव्हन आधीपासूनच असतो. पद्धती अशा अनेक, पण कोंबडी अख्खीच राहिली.

गैरसमज 3 : चव मुरायची तर चिरा पाडून मसाला बाहेरून चोळायला हवा.

वस्तुस्थिती : ही तंदूरची रीत झाली. ग्वांगडाँगच्या भाजणाऱ्यांची रीत नेमकी उलटी. मीठ, साखर, सोया सॉस, तांदळाची दारू, आलं, कांद्याची पात आणि पंचमसाला पोटाच्या पोकळीत भरायचा आणि तोंड शिवून टाकायचं. कातडीला चीर जाता कामा नये, कारण आतला रस आणि वरचा कुरकुरीतपणा दोन्ही तिच्यावर अवलंबून असतात.

मग कातडीवर उकळतं पाणी ओततात, म्हणजे ती आवळते. त्यावर माल्टोज आणि व्हिनेगर यांचं पातळ मिश्रण लावून कोंबडी कित्येक तास टांगून वाळवतात. घरी ती फ्रीजमध्ये सर्वांत खालच्या कप्प्यात, न झाकता, रात्रभर ठेवली तरी काम होतं. मात्र शेजारी उघडं अन्न ठेवू नका. माल्टोज नसेल तर पातळ केलेला मध चालतो, पण मध लवकर करपतो, तेव्हा लक्ष ठेवावं लागतं.

आपल्याकडे कोंबडी सोलून देण्याची पद्धत आहे. म्हणून दुकानदाराला आधीच सांगून ठेवा : कातडी काढायची नाही, तुकडे करायचे नाहीत, डोकं आणि पाय ठेवायचे.

गैरसमज 4 : सुरुवातीला आच मोठी ठेवली की रस आत कोंडला जातो.

वस्तुस्थिती : हा समज पसरला तो जर्मन रसायनशास्त्रज्ञ युस्टुस फॉन लीबिग यांच्या 1847 च्या पुस्तकामुळे. पुढच्या प्रयोगांनी तो खोटा ठरवला. भाजून झालेला पृष्ठभाग पाणी अडवत नाही. मोठ्या आचेचा खरा उपयोग रंग आणि खमंगपणा यांसाठी. प्रथिनं आणि साखर यांच्यातली ही प्रक्रिया लुई-कामिय मायार या फ्रेंच शास्त्रज्ञानं 1912 मध्ये मांडली. कातडी ओली असेल तर उष्णता आधी ते पाणी उडवण्यात खर्च होते, आणि तोवर तांबूस रंग धरत नाही. वाळवण्याचा खटाटोप त्यासाठीच.

दीड किलोच्या कोंबडीला 180 अंश सेल्सिअसवर साधारण सव्वा ते दीड तास लागतो. बाहेर काढल्यावर पंधरा-वीस मिनिटं तिला हात लावू नका. लगेच कापली तर रस ताटात वाहून जातो.

गैरसमज 5 : कोंबडी नळाखाली खळखळून धुवावी, आणि हाडाजवळ लाली दिसली तर ती कच्ची समजावी.

वस्तुस्थिती : धुताना उडणाऱ्या थेंबांबरोबर साल्मोनेला आणि कॅम्पिलोबॅक्टर हे जिवाणू सिंक, ओटा आणि शेजारच्या भाजीपर्यंत पोचतात. अमेरिका आणि ब्रिटनमधल्या अन्नसुरक्षा संस्था म्हणूनच कच्ची कोंबडी न धुण्याचा सल्ला देतात. स्वच्छ कागदानं टिपून घ्या. कातडी कोरडी व्हायलाही तेच हवं.

रंगावर तर विसंबूच नये. कोवळ्या कोंबडीच्या हाडांतला रंग शिजल्यावरही मांसात उतरतो, म्हणून पूर्ण शिजलेली कोंबडीही हाडाशी गुलाबी दिसू शकते. उलट, पांढरी दिसणारी कोंबडी आतून पुरेशी तापलेली असेलच असं नाही. भरवसा फक्त थर्मामीटरचा. मांडीच्या सगळ्यांत जाड भागात, हाडाला न टेकवता, 74 अंश सेल्सिअस दाखवलं पाहिजे. गोठवलेली कोंबडी असेल तर ती फ्रीजमध्ये पूर्ण एक दिवस ठेवून सैल होऊ द्या. मध्यभागी बर्फ राहिला तर बाहेरून करपते आणि आत कच्ची राहते.

गैरसमज 6 : चिनी पंचमसाला नसेल तर गरम मसाला चालतो.

वस्तुस्थिती : जिरं-धण्यांनी चव निराळ्याच वाटेला जाते. पंचमसाल्यात सहसा चक्रफूल, लवंग, चिनी दालचिनी, बडीशेप आणि सिचुआनची मिरी असते. यांतली चार नावं आपल्या डब्यातली. पाचवी आपल्या तिरफळाच्या कुळातली. दोन्ही झाडं एकाच वनस्पतिगटातली. कोकणात आणि गोव्यात बांगड्याच्या आमटीत पडणारं तिरफळ जिभेवर जी झिणझिण आणतं, तशीच ती मिरीही आणते. बिया काढून टरफलं घेतली, तर आपलं तिरफळ वापरून पंचमसाला घरीच करता येईल. लाल शेजवान सॉसची मात्र या कोंबडीला मुळीच गरज नाही.

घरी ओव्हन नसेल, तर झाकणाच्या मोठ्या पातेल्यात हलक्या आचेवर शिजवलेली कोंबडीही तितकीच सणाची आणि परंपरेला तितकीच धरून आहे. तडजोड करायची ती साधनांत करावी. कोंबडी मात्र टेबलावर अख्खी आणावी, सगळे जमेपर्यंत तशीच राहू द्यावी, मग हाडांसकट लहान तुकडे करून पुन्हा तिच्या आकारात मांडावी, म्हणजे चॉपस्टिकनं उचलता येतात. उरलेली दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये जावी. चव कमीजास्त झाली तरी चालेल, पण सगळं घर एकत्र असताना ती अखंड समोर आली पाहिजे. या पदार्थाची खरी अट तेवढीच आहे.