तेंदूच्या करारनाम्यात मसुदा कोणाचा?

सरकार खरेदीला उतरते तेव्हा फार सावध असते. केंद्राच्या 2017च्या सामान्य वित्तीय नियमांनुसार खासगी पुरवठादाराला आगाऊ रक्कम द्यायचीच झाली, तर ती साधारणपणे कराराच्या 30 टक्क्यांपर्यंत, तीही बँक हमी घेऊन. माल हाती येण्याआधी जनतेचा पैसा अडकू नये, एवढाच हेतू.

गडचिरोली-चंद्रपूरच्या जंगलात मात्र ग्रामसभा तेंदूपाने विकणारी आहे. तिथे धोका उलट बाजूने येतो: पैसा हाती येण्याआधी माल जातो.

1969च्या महाराष्ट्र वनोपज (व्यापाराचे विनियमन) अधिनियमाने तेंदूचा व्यापार सरकारकडे गेला. अनुसूचित क्षेत्रांतल्या ग्रामसभांना अधिकार देणारा पेसा कायदा, 2006चा वनहक्क कायदा आणि राज्याचे 2014चे पेसा नियम यांमुळे पेसा क्षेत्रात तो अधिकार गावाकडे आला. हक्क आला, पण करारनाम्याचा मसुदा ठेकेदारच घेऊन आला तर?

70 पानांचा एक पुडा, 1000 पुड्यांची एक प्रमाणित गोणी. मजूर भल्या पहाटे जंगलात जातो, पाने आणतो, पुडे बांधून फळीवर, म्हणजे संकलन केंद्रावर, मोजून देतो. 'रक्कम माल उचलल्यानंतर हप्त्याने' ही व्यापारातली नेहमीची अट इथे घातक ठरते, कारण गोदामात गेलेले पान गावाला परत मिळत नाही. रॉयल्टी थकल्याच्या तक्रारी गडचिरोलीत अनेकदा झाल्या आहेत. जुलै 2017मध्ये तेंदूपानावर जीएसटी लागला, तेव्हा 18 टक्के. भाव करासह की कराशिवाय, हे कागदावर नसेल तर तो बोजाही गावावर ढकलला जाऊ शकतो. 'वाद झाल्यास न्यायालय ठेकेदाराच्या शहरातले' ही ओळही तशीच. गरीब गावाला ती न्यायापासून दूर ठेवते.

एक गोष्ट मात्र कोणताही मसुदा हिरावू शकत नाही. वनहक्क कायद्याच्या कलम 4(4) नुसार वनहक्क हस्तांतरित करता येत नाही. ठेकेदार पाने विकत घेतो, जंगल नाही.

आणि गावाकडे हत्यार आहे: वाहतूक परवाना. धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखा गावाला 27 एप्रिल 2011 रोजी बांबूच्या वाहतूक परवान्याचे पुस्तक मिळाले. वनहक्क नियमांच्या 2012च्या दुरुस्तीने गौण वनोपजाचा असा परवाना देण्याचा अधिकार ग्रामसभेच्या समितीला दिला. हप्ता बँकेत जमा झाल्याशिवाय परवाना नाही, हे करारातच लिहा. पुढच्या हंगामाआधी ग्रामसभांनी स्वतःचा मसुदा तयार करावा, तो गोंडीत आणि मराठीत मोठ्याने वाचावा, आणि मगच सही करावी.