शंकूशंख : सौंदर्य आणि सावधगिरी

म्हसवडसारख्या समुद्रापासून दूर वसलेल्या माणदेशी गावातील मुलांनाही समुद्रातील दोन वस्तू परिचित असतात : देवघरातील शंख आणि गोंधळ्याच्या गळ्यातील कवड्यांची माळ. या दोन्ही वस्तू म्हणजे समुद्री गोगलगायींची घरे होत. त्यांचाच भाऊबंद असलेला शंकूशंख मात्र मुलांच्या ओळखीचा नसतो. शाळेची सहल समुद्रकिनारी नेण्यापूर्वी शिक्षकांनी त्याची माहिती देणे अगत्याचे आहे.

या शंखाचा आकार भोवऱ्यासारखा असतो. गोगलगायीच्या अंगावरील मऊ पडद्यातून चुन्याचे द्रव्य पाझरते. त्याचे थर वेटोळ्यांनी वाढत जाऊन शंख बनतो. समुद्रातील तारायंत्राच्या तारा दुरुस्त करणाऱ्या जहाजाचे कप्तान टाउनसेंड यांना मुंबईसमोरील अरबी समुद्रात असा एक देखणा शंख मिळाला. मेल्व्हिल व स्टँडन या अभ्यासकांनी १८९९ मध्ये त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. देवळाच्या शिखराप्रमाणे पायऱ्यापायऱ्यांनी चढत जाणारा माथा आणि अंगावर तांबूस जाळीची नक्षी असलेली ही जात ‘ग्लोरी ऑफ इंडिया’ या नावाने ओळखली जाते. वन्यजीव संरक्षण कायद्यान्वये २००१ मध्ये तिला संरक्षण देण्यात आले.

अशा सुंदर घरात राहणारा प्राणी मात्र शिकारी असतो. त्याचा दात पोकळ व भाल्यासारखा अणकुचीदार असून, लांबणाऱ्या सोंडेतून तो भक्ष्याच्या अंगात खुपसून विष सोडतो. काही जाती समुद्रातील किडे खातात, काही इतर गोगलगायी, तर काही चक्क मासे पकडतात. मासे खाणाऱ्या एका जातीच्या दंशाने १९३५ साली ऑस्ट्रेलियातील हेमन बेटावर एका तरुणाचा मृत्यू झाला. या विषाने श्वासाचे स्नायू लुळे पडतात, आणि त्यावर उतारा म्हणून लस उपलब्ध नाही. दंश झाल्यास जखम कापू वा चोखू नये. तो अवयव हलू न देता रुग्णास तत्काळ रुग्णालयात न्यावे.

याच विषाने माणसावर उपकारही केले आहेत. एका शंकूशंखाच्या विषातील घटकावरून तयार केलेल्या, तीव्र वेदना शमविणाऱ्या औषधास २००४ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली.

शंख कोणत्याही बाजूने धरला तरी सोंड बोटापर्यंत पोहोचू शकते. म्हणून भोवऱ्यासारखा शंख दिसल्यास मुलांनी तो डोळे भरून पाहावा. उचलू नये, खिशात तर मुळीच घालू नये. रिकामा वाटणाऱ्या घरातही घरधनी असू शकतो, एवढे मुलांच्या मनावर ठसले तरी हा पाठ सार्थकी लागेल.