सँटोरिनीत जेवायचे तर काल्डेराकडे पाठ करा

अथेन्स : उन्हाळा जवळ आला की पुण्या-मुंबईहून येऊ घातलेल्या मंडळींचे फोन सुरू होतात. तिकिटे झालेली असतात, निळ्या घुमटांचे फोटो पाहून झालेले असतात. उरलेला प्रश्न एकच : सँटोरिनीत खायचे काय आणि कुठे?

सुमारे ३,६०० वर्षांपूर्वी इथे ज्वालामुखीचा प्रचंड स्फोट झाला, बेटाचा मधला भाग खचला आणि तिथे समुद्र शिरला. त्या खोल पाण्याला काल्डेरा म्हणतात. फिरा आणि इया ही गावे त्याच्या कड्यावर वसली आहेत आणि गर्दी तिथेच लोटते. बेटाची वस्ती जेमतेम पंधरा हजारांची. पूर्वी नुसत्या क्रूझ जहाजांतूनच एका दिवसात याहून जास्त माणसे उतरत. म्हणून २०२५ पासून क्रूझ प्रवाशांवर दिवसाला ८,००० ची मर्यादा घातली आहे. कड्यावरच्या उपाहारगृहात बिलाचा मोठा हिस्सा देखाव्याचा असतो. संध्याकाळी तिथे बसून एखादे पेय जरूर घ्यावे, देखावा आहेच तसा. जेवायला मात्र बेटाच्या पोटात जावे : पिर्गोस, मेगालोहोरी, एम्बोरिओ. फिऱ्याहून तिकडे बस जातात.

या बेटावर नदी नाही, पाऊस तुटपुंजा. जे पिकते ते राखेच्या जमिनीत, रात्रीच्या दवावर. द्राक्षाचा वेल मांडवावर न चढवता जमिनीलगत गोल टोपलीसारखा वळवतात, म्हणजे आतले घड वाऱ्यापासून वाचतात. त्यातूनच आसिर्तिको ही प्रसिद्ध पांढरी वाइन होते. टोमॅटो बोराएवढे, जाड सालीचे, आंबटगोड. वांगी पांढरी. पाण्याअभावी सगळेच लहान राहते आणि चव एकवटते. चिरलेले टोमॅटो, कांदा आणि पुदिना पिठात कालवून तळलेली इथली भजी, तोमातोकेफ्तेदेस, गरम असतानाच खावीत.

पण बेटाची खरी ओळख फावा. ही डाळ लॅथिरस कुळातली, म्हणजे आपल्या विदर्भातल्या लाखोळीची नातेवाईक. एम्बोरिओच्या एका गल्लीतल्या खानावळीत मालकीणबाईंनी मला थेट आत बोलावले आणि एकेका भांड्यावरचे झाकण उचलून दाखवले. ग्रीसमधल्या जुन्या खानावळींत ही पद्धत अजून आहे. बोट दाखवून मागितले तरी कोणाला वावगे वाटत नाही. फावा बशीत आली ती पिवळीधमक, घोटून मऊ केलेली, कोमट. मधे खळगा करून त्यात ऑलिव्ह तेल, वर बारीक चिरलेला कच्चा कांदा, खारवलेल्या केपरच्या कळ्या, बाजूला लिंबाची फोड. हिंग नाही, मोहरी नाही, फोडणीच नाही, तरी ती बशी मी पावाने पुसून खाल्ली.

शाकाहाऱ्यांनी घाबरून डबे बांधून आणू नयेत. ऑर्थोडॉक्स चर्चचे उपास कडक पाळणारा माणूस वर्षातले जवळजवळ निम्मे दिवस मांस, दूध, अंडी वर्ज्य करतो, त्यामुळे इथल्या स्वयंपाकात बिनमांसाचे पदार्थ मुबलक आहेत. भात भरलेले टोमॅटो आणि सिमला मिरच्या (गेमिस्ता), तेलात शिजवलेल्या फरसबीच्या शेंगा, मोठ्या पांढऱ्या घेवड्याचे दाणे, उकडलेली रानभाजी. फक्त गेमिस्तात कधी खिमा असतो, तेवढे विचारून घ्यावे. पदार्थ मधोमध ठेवून सगळ्यांनी वाटून खायचे. रात्रीचे जेवण नऊच्या आधी फारसे कोणी घेत नाही. सातलाच गच्च भरलेली जागा दिसली तर ती परदेशी पाहुण्यांची समजावी.

मासा मागवणार असाल तर भाव किलोचा असतो. बर्फावरचा मासा स्वतः पाहा, आपल्यासमोर वजन करून घ्या, रक्कम विचारा आणि मगच हो म्हणा. इयाच्या पायथ्याला अमूदी बंदरावर पाण्याला लागून टेबले मांडतात. तिथे हे विसरलात तर बिल पाहून तोंडचे पाणी पळेल. मेनूकार्डावर पदार्थापुढे तारांकन दिसले तर बहुधा तो गोठवलेला असतो. पाव न मागता येतो आणि त्याचे थोडे पैसे लागतात, त्यात फसवणूक नाही. मेनूकार्डावर आणखी एक वाक्य छापलेले असते : पावती मिळाली नाही तर ग्राहकावर पैसे देण्याचे बंधन नाही. तो कायदाच आहे.

मला काळजी वाटते ती शेतांची. द्राक्षमळ्यांच्या जागी हॉटेले आणि पोहण्याचे तलाव उठताहेत. बेटावरच्या फावेला युरोपियन संघाचे भौगोलिक मानांकन आहे, पण पीक थोडे आणि मागणी अफाट, म्हणून बाहेरची स्वस्त डाळही ताटात येते. तेव्हा फावा मागवताना ती इथलीच आहे का, हे विचारा. इथली असेल तर दोन-चार युरो जास्त पडतील, ते आनंदाने द्या. त्या पैशांवरच कोणीतरी पुढच्या वर्षी ते शेत पेरणार आहे.