करार मोडला तो इस्तंबूलने

1514 साली चाल्दिरानच्या मैदानावर ऑटोमन सुलतान पहिल्या सलीमने इराणच्या शाह इस्माईलला हरवले, पण पूर्व अनातोलियाचा डोंगराळ मुलूख त्याला मिळाला तो केवळ तोफांच्या जोरावर नव्हे. बितलिसच्या इद्रिस या विद्वानाने कुर्द सरदारांशी बोलणी करून त्यांना सुलतानाकडे वळवले. सरदारांनी सरहद्द राखायची, मोहिमेला फौज द्यायची. बदल्यात गादी त्यांच्याच घराण्यात चालायची. ‘हुकूमत’ म्हणवणाऱ्या काही मुलखांत तर सरकारी कारकुनाला जमिनीची पाहणीही करता येत नसे. वतनदारीचा इतिहास ठाऊक असलेल्या मराठी वाचकाला हे परके वाटू नये. कुर्दांची बंडे म्हणजे डोंगरी टोळ्यांचा उपजत स्वभाव, हे सर्रास दिले जाणारे स्पष्टीकरण मला म्हणूनच पटत नाही. मोठी बंडे झाली ती हा करार मोडू लागल्यावर.

करार कधीच निखळ नव्हता, असा आक्षेप घेता येईल. 1655 मध्ये वानच्या सुभेदार मेलेक अहमद पाशाने बितलिसचा कुर्द सरदार अब्दाल खान याच्यावर चढाई केली. त्या लुटीचे वर्णन प्रवासी एव्लिया चेलेबीने केले आहे. पण तेव्हाही खान हटवला गेला, घराणे नव्हे. एकोणिसाव्या शतकात मात्र मुळावरच घाव पडला. ग्रीस हातचा गेला होता, इजिप्तचा मेहमेत अली शिरजोर झाला होता. इस्तंबूलला थेट कर आणि सक्तीचे सैनिक हवे होते. त्यासाठी मीर, म्हणजे हे वंशपरंपरागत कुर्द सरदार, हटवले गेले: 1836 मध्ये रवांदुझचा मीर मुहम्मद शरण आला, 1847 मध्ये बोहतानचा मीर बदरखान. त्याची रवानगी क्रीटला झाली.

बदरखानाची बाजू घेणे अवघड आहे. 1843 आणि 1846 मध्ये त्याच्या फौजांनी हक्कारीच्या नेस्तोरियन ख्रिश्चनांची कत्तल केली. मीरांची स्वायत्तता रयतेची नव्हती, हे कबूल करायलाच हवे. परंतु मीर गेल्याने रयतेला न्याय मिळाला का? अंमलदार शहरांत बसले, आणि टोळ्यांची भांडणे मिटवू शकेल असा कुणी डोंगरात उरला नाही. ती जागा सूफी शेखांनी घेतली. 1880 मध्ये इराणवर चालून गेलेला नेहरीचा उबैदुल्ला हा असाच, नक्शबंदी या सूफी पंथाचा शेख होता. पुढे त्याला हिजाझला हद्दपार करावे लागले.

सुलतान अब्दुल हमीदने 1891 पासून कुर्द टोळ्यांचे हमीदिये घोडदळ उभारले, तो जुन्याच कराराचा नवा अवतार होता असे काही जण म्हणतात. मला तो त्याचे विडंबन वाटतो. मीराला मुलूख सांभाळायचा असे, म्हणून त्याला थोडीफार मर्यादा होती. इथे एकेका टोळीला बंदुका आणि कायद्यापासून अभय मिळाले, जबाबदारी मात्र कुणावरच नव्हती. किंमत मोजली आर्मेनियन शेतकऱ्यांनी, आणि हमीदियेबाहेरच्या कुर्द टोळ्यांनीही. त्यानंतर सुलतानाशी उरला तो खिलाफतीचा धागा. तोही मार्च 1924 मध्ये अंकाराच्या नव्या तुर्की सरकारने तोडला, आणि वर्षभरात, फेब्रुवारी 1925 मध्ये, शेख सईदचे बंड उठले. त्याचा नेता मीर नव्हता; तोही नक्शबंदी शेखच होता.