गाडीचा एसी : आधी कारण शोधा, मग पैसे मोजा

रोडपाली-कळंबोली भागात आपले अनेक तरुण भाड्याच्या गाडीवर संसार ओढतात. कुणी पै-पै साठवून जुनी गाडी घेतलेली असते. अशा काही गाड्यांत आपोआप चालणारा एसी असतो. आकडा २४ वर लावला की यंत्रणा स्वतःच थंड-गरम हवा मिसळून तेवढे तापमान राखते. तो बिघडला की गिऱ्हाईक कुरकुरते आणि गॅरेजचे बिल मुलांच्या फीला कात्री लावते. म्हणून समाजबांधवांपुढे चार उपयोगी गोष्टी ठेवत आहोत.

पहिला सल्ला ठरलेला, ‘गॅस संपला, भरून घ्या.’ पण गॅस पेट्रोलसारखा जळत नाही. तो बंद नळ्यांतून फिरत राहतो. वर्षानुवर्षांत थोडा झिरपतो, इतकेच. दर उन्हाळ्यात भरावा लागत असेल तर गळती आहे. ती न शोधता गॅस भरणे म्हणजे फुटक्या माठात पाणी ओतणे. भगवान बुद्धांनी कालामांना सांगितले, कोणी सांगतो म्हणून मानू नका, स्वतः पारखून घ्या. गॅरेजमध्येही हाच उपदेश कामी येतो.

पारख सोपी आहे. इंजिन चालू ठेवून तापमान अगदी खाली, ‘लो’वर आणा. तरीही हवा गार येत नसेल तर फ्यूज, रिले, कॉम्प्रेसर व गॅसचा दाब तपासायला सांगा. ‘लो’वर गार, पण २४ वर गरम हवा येत असेल तर गॅसला दोष देऊ नका, दोष बहुधा सेन्सरचा किंवा हवा मिसळणाऱ्या झडपेचा असतो. डॅशबोर्डवरील लहान जाळीमागे आतले तापमान मोजणारा सेन्सर असतो, तिथे धूळ साचते. काचेजवळच्या काळ्या टिकलीसारख्या सेन्सरला ऊन कळते. त्यावर कापड पसरले किंवा बुद्धमूर्ती ठेवली तर यंत्रणेला ऊन नाहीच असे वाटते. मूर्ती चार बोटे बाजूला ठेवावी.

बाकी लक्षणेही बोलतात. डॅशबोर्डमागे टकटक होत असेल तर झडप हलवणारी छोटी मोटर पाहा. पंखा एकाच वेगाने फिरत असेल तर वेग ठरवणारा भाग तपासा. सिग्नलला गरम आणि धावताना गार, तर पुढचा कूलिंग फॅन किंवा मळलेला कंडेन्सर. गाडीखाली पाणी ठिबकणे चांगले. पायाखाली साचले तर पाणी बाहेर नेणारी नळी तुंबली आहे.

लोखंड बाजारातील ट्रकांची धूळ आपल्या वाट्याला रोजची. म्हणून केबिन फिल्टर वरचेवर झटकावा, खराब झाल्यास बदलावा. कंडेन्सर पाण्याच्या हलक्या धारेने धुवावा. जोराच्या धारेने पत्रे वाकतात. गॅसच्या नळ्या मात्र स्वतः उघडू नयेत. तो द्रव कातडीला इजा करतो. शिवाय अशा गाड्यांतला आर-१३४ए हा वायू कार्बन डायऑक्साईडच्या हजारपटीहून अधिक पृथ्वी तापवतो.

मिस्त्रीकडे गेल्यावर ‘गॅस भरा’ म्हणू नका, लक्षण सांगा. बदललेला जुना भाग मागून घ्या, बिल लिहून घ्या. आणि घरात दहावी झालेला मुलगा किंवा मुलगी असेल, तर आय.टी.आय.च्या मोटर मेकॅनिकच्या दोन वर्षांच्या अभ्यासक्रमाची चौकशी करा. दुरुस्तीची विद्या आपल्या घरात आली, तर आज गॅरेजला जाणारा पैसा उद्या आपल्याच चुलीपाशी येईल.