क्षमा म्हणजे फिर्याद मागे घेणे नव्हे

दौंड तालुक्यातील भांडगावात काय किंवा केडगावात काय, नवऱ्याचा मार सोसून माहेरी परतलेल्या लेकीला, "आगं, आपण ख्रिस्ताची माणसं, झालं गेलं इसर, माफ कर आन् नांदायला जा," असा उपदेश करणारे आप्त भेटले की, ज्या धर्माच्या नावाने ते बोलतात त्याचा ग्रंथ त्यांनी कधी उघडला तरी आहे काय, असा प्रश्न पडल्यावाचून राहत नाही. क्षमा म्हणजे विस्मरण, मौन आणि फिर्याद मागे घेणे, हे समीकरण ख्रिस्ती घरांत जितके रुजले आहे तितकेच बाहेरही. बाहेरचे त्याला दुबळेपणा म्हणतात आणि घरातले पुण्य, एवढाच काय तो फरक.

वस्तुस्थिती अशी की, मत्तयाच्या ज्या 18व्या अध्यायातील 'सत्तर वेळा सात' क्षमा करावी हे शब्द या लेकींच्या तोंडावर फेकले जातात, त्याच अध्यायात त्यापूर्वी (वचने 15 ते 17) अपराध्याला एकांतात त्याचा दोष दाखवावा, न ऐकल्यास एकदोन साक्षीदार न्यावेत आणि तरीही न जुमानल्यास प्रकरण मंडळीपुढे मांडावे, अशी रीतसर कार्यपद्धती घालून दिलेली आहे. पुढच्या दृष्टान्तात राजा चाकराला जे देणे सोडतो ते दहा हजार तलांतांचे, म्हणजे मजुराच्या सुमारे सहा कोटी दिवसांच्या रोजाचे. परंतु सोडण्यापूर्वी तो हिशेब घेतो. दुष्काळात शेतसाऱ्याची सूट द्यायची तरी आधी बाकी मुक्रर करावीच लागते. बाकी कागदावर नसेल तर सूट कशाची? आणि त्या चाकराचे त्याच्या सोबत्याकडे असलेले येणे शंभर दिनारांचे, म्हणजे शंभर दिवसांच्या मजुरीचे होते, हे आमचे उपदेशक सोयीस्करपणे विसरतात. तीन महिन्यांची कमाई ही क्षुल्लक बाब नव्हे, आणि दुखावलेल्याचे दुःख क्षुल्लक आहे असे शास्त्र कोठेही म्हणत नाही.

दुसरा गाल पुढे करण्याची आज्ञा देणाऱ्या येशूनेच, प्रमुख याजकापुढे चौकशीत थप्पड बसली तेव्हा, मारणाऱ्याला कारण विचारले (योहान 18:23). आणि फटके मारून बेकायदा कैदेत टाकणारे फिलिप्पैचे अधिकारी गुपचूप सोडून देऊ लागले तेव्हा, त्यांनी स्वतः येऊन आपणांस बाहेर न्यावे, असा पौलाने आग्रह धरला (प्रेषितांची कृत्ये 16:37).

इतक्या दूर जाण्याचेही कारण नाही. केडगावचे मुक्ती मिशन उभारणाऱ्या आणि मूळ हिब्रू-ग्रीकवरून बायबलचे मराठी भाषांतर करणाऱ्या पंडिता रमाबाईंइतका त्या ग्रंथाचा व्यासंग या पंचक्रोशीत दुसऱ्या कोणाचा असेल असे वाटत नाही. 1883 साली बाप्तिस्मा घेतल्यावर त्या मूग गिळून बसल्या काय? उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या हालांचा लेखी जाब त्यांनी 1887 साली जगापुढे मांडला, आणि 1897 साली पुण्याच्या प्लेगच्या बंदोबस्तात स्त्रियांची जी हेळसांड झाली तिच्याविरुद्ध जाहीर पत्र लिहून त्यांनी स्वधर्मीय गोऱ्या सरकारलाही सोडले नाही.

ओडिशातील मनोहरपूर येथे जानेवारी 1999 मध्ये पती ग्रॅहॅम आणि दोन मुले जिवंत जाळली गेल्यावर ग्लॅडिस स्टेन्स यांनी मारेकऱ्यांना क्षमा केली, हे सर्वांच्या स्मरणात आहे; पण क्षमा आणि गुन्ह्याचे परिणाम यांची गल्लत करू नये, हेही त्यांनीच सांगितले, हे फारसे कोणी सांगत नाही. खटला चालला, आणि मुख्य आरोपीची जन्मठेप 2011 साली सर्वोच्च न्यायालयाने कायम केली. क्षमा करणाऱ्या बाईने न्यायालयाची वाट अडवली नव्हती.

बाकीच्या समजुतींना फार वेळ देण्याचे कारण नाही. 'सत्तर वेळा सात' म्हणजे 490पर्यंत मोजून पुढे मोकळीक, हा निव्वळ पोरकटपणा होय. संताप येणे हेच पाप, असे म्हणणाऱ्याने 109वे स्तोत्र वाचावे. शाप इतक्या उघडपणे क्वचितच कोणी देवापुढे मांडले असतील. क्षमा केली की पूर्ववत विश्वास टाकलाच पाहिजे, हेही खोटे: ज्यांनी आपल्याला विकले त्या भावांना ओळख देण्यापूर्वी योसेफाने शिमोनाला अटकेत ठेवले, बन्यामिनाच्या गोणीत प्याला लपवला आणि ते बदलले आहेत की नाहीत हे पारखून घेतले. राहता राहिली क्षमा एका प्रार्थनेत उरकते ही समजूत. योसेफाचा बाप याकोब त्यानंतर मिसरात सतरा वर्षे जगला; तो मरताच त्याच भावांना पुन्हा सूडाची धास्ती वाटली, आणि कधीच दिलेली क्षमा योसेफाला त्यांच्यापुढे नव्याने बोलून दाखवावी लागली.